गोष्ट खरी, शेअर खोटा: बंदूक कंपनीच्या नावावर माझे २,७३,३६० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे कुणी "थोडक्यात वाचलात" म्हणायला नको. दोन लाख त्र्याहत्तर हजार तीनशे साठ रुपये. त्यातले ११,२४० समोरच्याच्या खात्यात गोठवलेत म्हणे, पण तेही अजून माझ्या हातात नाहीत. उरलेले कुठे गेले ते सांगायला कुणी तयार नाही.

अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदच नसलेल्या, शेअरचे व्हॉट्सअॅप ग्रुप कसे चालतात ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे, ते रामायण परत लावत नाही. रोज कुणीतरी "अलॉटमेंट मिळाली सर" म्हणणार, दहाजण हात जोडणार, आणि ते दहाही त्यांचेच. मला हे तेव्हाही कळत होतं. अशा ग्रुपांतून मी याआधी मुकाट बाहेर पडलो आहे. या वेळी थांबलो, कारण विकायला काढलेला माल वेगळा होता: बंदुका बनवणाऱ्या सरकारी कंपनीचे शेअर, आयपीओच्या आधी, १७० रुपयांना.

माझे काका वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे सैन्याच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, होते. फॅक्टरीचा अभिमान आणि तिच्या मालाला लोक ठेवत असलेली नावं, दोन्ही ऐकत मी मोठा झालो. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीचा विषय निघाला की काका गप्प व्हायचे. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकली, रायफली अडकल्या, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवली तर सलग सुटत राहिली, हे सगळं छापून आलेलं. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही तिच्यावर खापर फोडलं. काकांचं म्हणणं एकच: डिझाइन पुण्याच्या एआरडीई या सरकारी संशोधन संस्थेचं, रायफल बनली ईशापूर आणि तिरुचिरापल्लीला, आणि शिव्या मात्र झाडून सगळ्या ऑर्डनन्सवाल्यांना. (त्यांच्या बाजूने बोलायला मला आवडलं असतं. पण खराब दारूगोळ्यापायी सहा वर्षांत ९६० कोटी पाण्यात गेले, हा लष्कराच्या अंतर्गत अहवालातला आकडा २०२० मध्ये पेपरांत आला तेव्हा काकांनीही तो पेपर घडी घालून बाजूला ठेवला होता.)

तर ही मंडळी आता सुधारताहेत असं कुणी सांगितलं, तर ते ऐकावंसं वाटणाऱ्यांपैकी मी. ग्रुपवरून मला शेअर विकायला फोन करणाऱ्या माणसाला हे पहिल्याच फोनवर समजलं असणार.

तो स्वतःला रिलेशनशिप मॅनेजर म्हणवायचा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, दर वाक्याला 'सर'. आणि संताप कशाचा येतो सांगू? त्याने सांगितलेलं जवळपास सगळं खरं होतं. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खरं. शस्त्रांचे कारखाने कानपूरच्या एडब्ल्यूईआयएलकडे (अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) गेले, म्हणजे ज्या कंपनीचे शेअर तो विकत होता तिच्याकडे. खरं. या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबल' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं, ज्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. खरं. अमेठीजवळ कोरव्याला रशियाच्या भागीदारीत एके-२०३ या कलाश्निकोव रायफली बनतात, त्यात कानपूरचा वाटा ४२.५ टक्के आणि ऑर्डर सहा लाखांहून जास्त रायफलींची. तेही खरं. मी एकेक मुद्दा रात्री बसून तपासत होतो आणि एकेक बरोबर निघत होता. "चौकशी नको का करायला?" असं विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

एकदा मीच त्याला विचारलं, की एकदा बदनाम झालेली बंदूक कंपनी पुन्हा उभी राहते का? तो तयारच होता. "सर, इंग्लंडची एसए-८० रायफल बघा." बघितली. ती रायफल सुरुवातीला इतकी अडकायची की खुद्द ब्रिटिश सैनिक तिला हसायचे. मग २००० च्या सुमारास जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने सुमारे दोन लाख रायफलींचे आतले भाग बदलून दिले आणि तीच रायफल पुढे वर्षानुवर्षं चालली. उदाहरण चोख होतं, फक्त आपल्याला लागू नव्हतं. तिथे दोष कबूल केला गेला आणि सैनिकांच्या हातातली रायफलच दुरुस्त झाली. आपल्याकडे सैन्याने २०१९ मध्ये अमेरिकेच्या ७२,४०० सिग-७१६ मागवल्या आणि बाकीची भिस्त कलाश्निकोववर ठेवली. म्हणजे इन्सासचं पडलेलं नाव कुणी उचललंच नाही, त्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावली.

जबलपूरच्या धनुष तोफेचा किस्सा तर त्याने काढलाच नाही. चिनी बेअरिंग जर्मन म्हणून तोफांसाठी दिल्याबद्दल सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा दाखल केला होता. जिथे खुद्द तोफेच्या कारखान्यालाच टोपी घातली जाते, तिथे माझी काय कथा. तरी माझं मत विचाराल तर सैन्य हे बांधलेलं गिऱ्हाईक उरलं नाही की हे कारखाने सुधारतील, वेळ लागेल पण सुधारतील. पण त्या सुधारण्याचा आणि माझ्या १७० रुपयांच्या शेअरचा काडीचा संबंध नव्हता.

आता तो क्षण. पहिले ८५,००० भरले, ५०० शेअरचे. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, 'शेअर ट्रान्सफर कन्फर्मेशन'. अशोकस्तंभ, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. त्यात 'ट्रान्सफरर'च्या, म्हणजे शेअर देणाऱ्याच्या, रकान्यात एका खाजगी एलएलपीचं (भागीदारी फर्मचं) नाव. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून वाचलं. ही कंपनी शंभर टक्के सरकारची आहे. अशा कंपनीचे शेअर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे असतात. राष्ट्रपती आपले शेअर कुठल्या एलएलपीला विकणार, आणि ती एलएलपी ते मला व्हॉट्सअॅपवर देणार! हा एक प्रश्न त्या वेळी मनात आला असता तर खेळ ८५,००० वर संपला असता. पण मनात होतं की माझगाव डॉक या सरकारी जहाज कंपनीचा शेअर २०२० मध्ये आयपीओत १४५ ला आला होता आणि तेव्हा आपण नुसते बघत बसलो. मी आणखी १,००० शेअर घेतले, १,७०,००० भरले.

पैसे ज्या खात्यात गेले ते कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं चालू खातं. विचारलं तर म्हणाला, "एस्क्रो पार्टनर आहे सर." म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा मध्यस्थ. खातं कंपनीच्या किंवा नोंदणीकृत ब्रोकरच्या नावाचं नसेल तर तिथेच फोन ठेवा, पुढचं ऐकूही नका.

त्यानंतर १८,३६० मागितले, 'स्टॅम्प ड्युटी आणि ट्रान्सफर चार्ज', म्हणजे ७.२ टक्के. शेअर हस्तांतराची स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के असते. २,५५,००० वर ३८ रुपये २५ पैसे. अडतीस रुपये! तेही भरले, कारण एव्हाना अडीच लाख अडकले होते आणि अडकलेला माणूस हिशेब करत नाही, दार उघडण्याची वाट बघतो. डीमॅट खात्यात शेवटपर्यंत एक शेअर आला नाही. 'आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य कानावर पडलं की समजा, शेअर अस्तित्वातच नाही.

ग्रुपमधून मला काढलं त्या रात्री मी सगळ्यात आधी पोलीस ठाण्यात गेलो. तुम्ही तसं करू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, हातात यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर, मग बाकी सगळं. पहिल्या काही तासांत खातं गोठलं तरच काही उरतं. ठाण्यात माझे ते तास गेले.

अंमलदाराने माझं म्हणणं ऐकलं, 'शस्त्र कंपनी' लिहिलं आणि पेन थांबवलं. "हत्यार घेत होतात? लायसन्स आहे?" मी म्हटलं साहेब, हत्यार नाही, शेअर. "कुणाचे?" बंदुका बनवणाऱ्या कंपनीचे. "मग बंदूक मिळाली नाही, अशी तक्रार आहे का?" मी हसावं की रडावं? वरिष्ठ आले, त्यांनी सल्ला दिला, कंपनी कानपूरची आहे ना, मग गुन्हा तिकडे नोंदवा. कंपनीने मला फसवलं नाही हो, कंपनीला तर हे माहीतही नसेल, तिचं नाव वापरलंय! हे मी त्या टेबलावर, मग शेजारच्या टेबलावर, मग सायबरच्या खोलीत सांगितलं. सायबरच्या खोलीतल्या मुलाला सगळं समजलं, पण त्याच्याकडे प्रिंटरचा कागद नव्हता. तो मी आणून दिला. शेवटी जो अर्ज घेतला त्यावर 'ऑनलाइन खरेदीत फसवणूक' असं लिहिलंय, जणू मी चप्पल मागवली होती.

बँकेत गेलो तर त्यांचं ठरलेलं: ओटीपी तुम्ही टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. अहो, संमती फसवूनच घेतात, त्यालाच फसवणूक म्हणतात ना? बाजार नियामकाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तर कंपनी लिस्टेड नाही म्हणून कार्यकक्षेबाहेर, असं उत्तर देऊन ती बंद केली आणि वर 'आमच्या सेवेला गुण द्या' असा मेल पाठवला. मी एक गुण दिला. शून्य द्यायची सोयच ठेवलेली नाही. आणि ते गोठवलेले ११,२४०? बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात न्यायालयाचा आदेश आणा, आणि वकिलाने नुसत्या अर्जाची फी ७,५०० सांगितली. शिवाय सगळ्यांनी, अगदी न चुकता प्रत्येकाने, विचारलं: "एवढे शिकलेले दिसता, मग तुम्ही कसे फसलात?"

ग्रुपमधून काढायच्या आत सगळ्या चॅटचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, नंबर आणि ग्रुप अॅडमिनची नावं दिसतील असं. माझ्याकडे निम्मंच होतं, कारण त्याने मेसेज आपोआप पुसले जातील अशी सेटिंग ठेवली होती. सरकारी कंपनीचा शेअर कुणी देऊ केला तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन मालक कोण ते बघा. मी तिथे गेलो होतो, पण फक्त रिव्हॉल्व्हरचा फोटो बघून परत आलो. आणि तो माणूस बोलण्यात कधीच अडखळत नसेल, तर विकल्या जाणाऱ्या शेअरचा आयएसआयएन त्याला विचारा. पाठ केलेली गोष्ट तिथे संपते.

काकांना मी अजून सांगितलेलं नाही. वहिनीला माहीत आहे, ती सांगणार नाही.

परवा एका वेगळ्या नंबरवरून फोन आला. 'सायबर रिकव्हरी सेल'. माझं नाव, तक्रारीचा क्रमांक, २,७३,३६० हा आकडा, सगळं त्याच्याकडे होतं. पैसे सापडलेत म्हणाला, फक्त ९,९०० प्रोसेसिंग फी भरायची. तक्रार क्रमांक त्याच्याकडे गेला कसा, हे मी त्याच ठाण्यात जाऊन विचारलं. त्यांनी मला नवीन अर्ज करायला सांगितलाय.