ईबेवर बोली लावून ऑर्लँडोचा आठवडा

सासू-सासरे साताऱ्याहून न्यू जर्सीला आले होते. त्यांना ऑर्लँडोचं डिस्ने दाखवायचं, तर सहा जणांना हॉटेलच्या दोन खोल्या घेणं खिशाला परवडणारं नव्हतं. म्हणून ईबेवर टाइमशेअरवाले, म्हणजे रिसॉर्टमधल्या घराचा वर्षातला एखादा आठवडा विकत घेऊन ठेवलेले लोक, आपला न वापरलेला आठवडा लिलावात काढतात, तिथे बघितलं. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, सात रात्री: ३८५ डॉलरला मिळालं!

मी ४५० ही वरची मर्यादा आधीच भरून ठेवली होती. समोरच्याने वाढवलं की आपली बोली आपोआप थोडी थोडी वर जाते, मर्यादेपलीकडे नाही. शेवटच्या दोन मिनिटांत हात शिवशिवतात, पण मी फोन चक्क सासूबाईंकडे दिला.

बोली लावण्याआधी विक्रेत्याचे जुने अभिप्राय वाचले, साफसफाईचे पैसे वेगळे आहेत का ते विचारलं. जिंकल्यावर रिसॉर्टचा नंबर रिसॉर्टच्याच साइटवरून शोधला, विक्रेत्याने दिलेला वापरला नाही. फोनवरच्या बाईंनी बुकिंगवरचं माझं आडनाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पैसे क्रेडिट कार्डानेच दिले. घोटाळा निघाला तर बँकेकडे तक्रार करता येते. गेल्या वर्षी दुसऱ्या एका साइटवर एकाने गिफ्ट कार्डाने पैसे मागितले होते, मी तिथेच विषय संपवला.

घर स्वच्छ होतं. कुकर मात्र घरूनच न्या. सासऱ्यांना रोज सकाळी गरम वरणभात मिळाला, मग दिवसभर ते नातवंडांच्या पुढे चालत होते.