चौसष्ट कोअरचं बिल, बत्तीस कोअरचं यंत्र

आणखी चार नोड (संगणक) घ्या, असं कोटेशन पुरवठादाराने पाठवलं नसतं, तर आपण फसलोय हे मला बहुधा आजही कळलं नसतं.

आमचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, लहान, आठ नोडचा. त्यावर सिम्युलेशनचे जॉब चालतात आणि कुठल्या जॉबला किती प्रोसेसर द्यायचे ते स्लर्म हे सॉफ्टवेअर ठरवतं. यंत्रं, जोडणी, स्लर्मचं सेटिंग, सगळं एकाच पुरवठादाराकडून घेतलं. बोलणं झालं होतं प्रत्येक नोडला ६४ कोअरचं (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा घटक). ताबा देताना त्यांनी जो अहवाल दिला त्यात एसकंट्रोल या स्लर्मच्या कमांडच्या 'शो नोड'चा आउटपुट छापलेला होता : सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) २, दर सॉकेटला ३२ कोअर, दर कोअरला १ थ्रेड (कोअरवर चालणारा कामाचा प्रवाह), एकूण सीपीयू ६४. मी आकडे ताडून पाहिले आणि सही केली. त्यांच्या इंजिनिअरने ३२ प्रोसेसचा एक जॉब चालवूनही दाखवला. सुसाट धावला. ३२च का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्रास महिन्याभरात सुरू झाला. ३२ प्रोसेसचा जॉब रिकाम्या नोडवर ४० मिनिटांत संपायचा. त्याच नोडवर तसाच दुसरा जॉब आला की दोघांनाही सव्वा-सव्वा तास. स्लर्मला विचारलं तर सगळं आलबेल : ६४ पैकी ६४ सीपीयू वाटलेले, लोड ६४च्या आसपास, टॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये प्रत्येक ओळीला १०० टक्के. जॉब संपल्यावर एसईएफएफ ही स्लर्मची हिशोबाची कमांड ९८ टक्के कार्यक्षमता दाखवायची. तेव्हा मला त्या ९८चा अभिमान वाटायचा, हे इथे कबूल करते.

पुरवठादाराचं उत्तर तयार होतं : "मॅडम, तुमचा कोड मेमरी फार मागतो. बँडविड्थ संपते." हे उत्तर खोटं असलं तरी अडाणी नव्हतं. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायची क्षमता, भरली की अगदी असंच होतं, आणि आमचा कोड मेमरी खातो हे खरंच होतं. त्यांनी दोनदा 'ट्यूनिंग' केलं, तासांच्या हिशोबाने बिल लावलं. पहिल्यांदा प्रोसेसर निवडण्याचा स्लर्मचा प्लगइन (जोड-भाग) बदलला. दुसऱ्यांदा सल्ला दिला की एका नोडवर ३२च प्रोसेस चालवा, हीच शिफारस केलेली पद्धत आहे. जॉब पुन्हा वेगाने पळू लागले, पण रांग दुपटीने लांबली. मग ते कोटेशन आलं.

कोटेशन वाचताना कुठेतरी खटकलं. बँडविड्थच कमी पडते म्हणता, तर मेमरीला हातच न लावणारा प्रोग्रॅम हळू व्हायला नको. म्हणून दहा-पंधरा ओळींचा एक लिहिला : चार-पाच चलांवर नुसते गुणाकार-बेरजा, सगळं रजिस्टरमध्ये, म्हणजे कोअरच्या आतल्याच छोट्या साठ्यात, मावणारं. एकाच वेळी आधी ८ प्रती चालवल्या, मग १६, मग ३२. प्रत्येक प्रतीला लागणारा वेळ तोच. ४० केल्यावर काही प्रती मागे पडू लागल्या. ६४ला सगळ्याच जवळजवळ निम्म्या वेगावर आल्या. इथे बँडविड्थचा काही संबंधच नव्हता.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं : नोडवर जॉब पाठवून त्यातूनच एलएससीपीयू ही प्रोसेसरची खरी रचना दाखवणारी कमांड चालवली. सॉकेट २, दर सॉकेटला १६ कोअर, दर कोअरला २ थ्रेड. याला रूटचा (यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्डही लागत नाही! लिनक्सच्या सिस फोल्डरमधल्या टोपॉलॉजीत (रचनेच्या नोंदीत) सीपीयू ०ची थ्रेड-भावंडं पाहिली तर ०,३२. म्हणजे ज्याला स्लर्म तेहेतिसावा कोअर म्हणत होतं, तो पहिल्याच कोअरचा दुसरा थ्रेड होता. दोन्ही थ्रेड गणित करणारे भाग वाटून घेतात. आमच्यासारख्या कामात दुसऱ्या थ्रेडने हाती फारसं लागत नाही. पण वेळेचा हिशोब थ्रेडमागे होतो, म्हणून दोघेही शंभर टक्के व्यस्त दिसतात. माझे ९८ टक्के तिथून आले होते.

स्लर्मला हे खटकायला हवं होतं, कारण स्लर्मडी, म्हणजे प्रत्येक नोडवर चालणारा स्लर्मचा भाग, कॉन्फिगरेशन आणि हार्डवेअर ताडून पाहतो. 'शो कॉन्फिग' काढलं आणि स्लर्मडी पॅरामीटर्ससमोर लिहिलेलं दिसलं : कॉन्फिग ओव्हरराइड्स. याचा अर्थ, यंत्र काहीही सांगो, फाइलमध्ये लिहिलंय तेच खरं माना. जुन्या आवृत्त्यांत फास्टशेड्यूल २ हेच काम करायचं, आणि हा पर्याय सहसा चाचणीपुरताच उपयोगाचा असं स्लर्मच्या माहितीपत्रातच लिहिलंय. मुख्य फाइलमध्ये ही ओळ नव्हती. इन्क्लूडने जोडलेल्या वेगळ्या फाइलमध्ये होती. प्रोसेस कोअरला बांधणारा टास्क प्लगइनही बंद ठेवलेला. त्यामुळे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ३२ प्रोसेस आपसूक ३२ वेगळ्या कोअरवर पसरवायचा. ताब्याच्या दिवशीचं प्रात्यक्षिक त्याच आकड्याचं का होतं, ते आता कळलं.

एका नोडवरची ती ओळ काढून स्लर्मडी पुन्हा सुरू केला. लॉगमध्ये लगेच तक्रार : नोडचं कॉन्फिगरेशन हार्डवेअरपेक्षा वेगळं आहे, कोअर ३२ लिहिलेत, हार्डवेअरमध्ये १६, थ्रेड १ लिहिलाय, हार्डवेअरमध्ये २. दोन बिलं भरून जे उत्तर मिळालं नाही, ते या एका ओळीत होतं.

समोरासमोर बसल्यावर पुरवठादार जराही गडबडला नाही. ऑर्डरचा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं 'दर नोडला ६४ सीपीयू'. कोअर हा शब्द बोलण्यात होता, कागदावर नव्हता. आणि स्लर्मच्या भाषेत सीपीयू म्हणजे कोअर किंवा थ्रेड, सेटिंगप्रमाणे दोन्ही होऊ शकतं. सीपीयू हा शब्द त्यांनीच मसुद्यात घातला होता. मी फक्त विचारलं, "सीपीयू म्हणजे थ्रेड धरला होता, मग दर कोअरला थ्रेड १ कशाला लिहिलात?" यावर उत्तर आलं नाही. शेवटचा हप्ता आम्ही रोखला, ट्यूनिंगच्या दोन्ही बिलांचे पैसे परत घेतले. यंत्रांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुम्ही असा ताबा घेणार असाल तर 'शो नोड'च्या छापील आउटपुटवर सही करू नका. कोअर आणि थ्रेडचे आकडे तिथे बहुतेक फाइलमधलेच येतात. प्रत्येक नोडवर एलएससीपीयू स्वतः चालवा, आणि स्लर्मडीला उणे मोठा सी (-C) हा पर्याय देऊन विचारा : खरं हार्डवेअर तो कॉन्फिगच्याच ढंगात छापून देतो. प्रात्यक्षिकाचा जॉब तुम्ही निवडा, पूर्ण नोड भरेल एवढा. ऑर्डरमध्ये 'भौतिक कोअर' हेच शब्द लिहून घ्या. रूट वॉरंटीसाठी आमच्याकडेच राहील म्हणाले, तर निदान इन्क्लूडसकट सगळ्या फाइल वाचायला मागा.

आता आमच्या फाइलमध्ये २, १६, २ असे खरे आकडे आहेत, वाटप कोअरप्रमाणे होतं आणि टास्क प्लगइन चालू आहे. रांग अजूनही लांबच असते. पुरवठादाराकडून चार नोडच्या कोटेशनची मुदत वाढवून देतो असा मेल त्यानंतरही दोनदा आला.