नूकचं कालालिआराक मार्केट : मट्टाक, सील आणि ओमेगा-३

ग्रीनलंडला जाणार असाल तर नूकमधलं कालालिआराक अजिबात चुकवू नका. शिकारी आणि मच्छीमार आपला माल थेट इथे आणतात, सील, व्हेल, रेनडिअर, हॅलिबट, कॉड, जे त्या दिवशी हाताला लागलं ते. कोपनहेगनहून नोव्हेंबर २०२४ पासून मोठ्या विमानाची डायरेक्ट फ्लाइट सुरू झालीय, त्यामुळे डेन्मार्कमधल्या मराठी मंडळींना तर आता जाणं एकदम सोपं झालंय.

आधी सील. मटण इतकं गडद असतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला खराब झालंय असंच वाटेल, पण तो रंग मायोग्लोबिनचा, डुबकी मारताना लागणारा ऑक्सिजन हा प्राणी स्नायूंतच साठवून ठेवतो, म्हणून मांस काळपट आणि लोह भरपूर. आम्ही अपार्टमेंटवर सुआसात केलं, म्हणजे सीलच्या तुकड्यांचा रस्सा, त्यात कांदा, बटाटा आणि मूठभर तांदूळ, मसाला म्हणाल तर मीठ-मिरी बस. वर तेलाचा जाड तवंग येतो, तो काढून टाकू नका, चव त्यातच आहे. वास उग्र आहे हे मात्र आधीच सांगते, ज्यांना सुक्या मासळीचा वास सहन होत नाही त्यांनी विचार करून घ्यावं.

पण माझं मन जिंकलं मट्टाकने. नारव्हाल किंवा बेलुगा ह्या व्हेलची कातडी, खाली गुलाबीसर चरबीचा थर, कच्चीच खायची. अगदी पातळ कापून चावत बसलं की ओल्या खोबऱ्यासारखी लागते! आणि ह्या कातडीत व्हिटॅमिन सी असतं. भाजी-फळं जवळपास उगवतच नाहीत तिथे लोकांना स्कर्व्ही का झाला नाही त्याचं मोठं उत्तर हेच, कच्ची कातडी आणि कच्चं लिव्हर, कारण शिजवलं की सी बरंचसं जातं. "नुसतं मांस खाऊन जगतात" असं आपल्याकडचे कीटो डाएटवाले सांगतात ना, ते अर्धवट आहे. १९२८ मध्ये आर्क्टिकमध्ये फिरलेला संशोधक स्टेफान्सन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली वर्षभराच्या मांसाहाराच्या प्रयोगाला बसला, तेव्हा सुरुवातीला चरबी काढलेलं मांस दिल्यावर तो आजारी पडला, चरबी परत मिळाल्यावर बरा झाला. चिकन ब्रेस्ट खाऊन हा आहार होत नाही, अख्खा प्राणी लागतो.

फिश ऑइलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हेही वाचा. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश डॉक्टरांनी ग्रीनलंडच्या उम्मान्नाक भागातल्या इनुइट (तिथल्या मूळच्या) लोकांचं रक्त तपासलं आणि तिथून ओमेगा-३, म्हणजे माशांच्या तेलातलं फॅट, हृदयाला चांगलं अशी हवा झाली, पण हृदयविकार किती जणांना होतो हे त्यांनी स्वतः मोजलंच नव्हतं, आणि २०१४ च्या एका आढाव्यात दिसलं की हा आजार तिथे काही दुर्मिळ नाही. वर २०१५ मध्ये कळलं की फॅटी ॲसिड हाताळणारी त्यांची जीन्सच पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलीयत, म्हणजे त्यांना जे मानवतं ते आपल्याला मानवेलच असं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे ह्या गोळ्या किती विश्वासाने घेतल्या जातात.

एक काळजी घ्याच. नारव्हाल, बेलुगासारख्या दातवाल्या व्हेलमध्ये आणि सीलमध्ये पारा साठतो, जगभरच्या कारखान्यांचं प्रदूषण शेवटी आर्क्टिकच्या ह्या लोकांच्या ताटात येतं, भयंकर अन्याय आहे हा. गरोदर असाल तर मट्टाक टाळा, त्यापेक्षा कॉड किंवा रेनडिअर घ्या. वॉलरस मिळाला तर कच्चा अजिबात नको, ट्रिकिनेलाचे जंत असू शकतात.

काय मिळेल ते हवामानावर आहे, एखाद्या दिवशी नुसते मासेच असतील. मट्टाक नसेल तर दुसऱ्या दिवशी परत जा आणि पहिल्या वेळी छोटासाच तुकडा मागा, भरपूर फॅट असतं, दोन-चार कापांत पोट भरतं.