हसता हसता मन जड करणारा संग्रह : ‘व्यक्ती आणि वल्ली’

विनोद आणि शोक एकाच कथनात कसे नांदवावेत, हे ज्याला शिकायचे आहे, त्याने पु. ल. देशपांडे यांचा १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेला हा संग्रह अवश्य विकत घ्यावा. ‘अंतू बर्वा’ हे त्यातले सर्वांत सरस व्यक्तिचित्र आहे. रत्नागिरीच्या या म्हाताऱ्याचा तिरकस बोलण्याचा सपाटा सुरू असेपर्यंत वाचक मनमुराद हसत राहतो. परंतु गावात वीज आली, तरी उजेडात आपले दारिद्र्यच तेवढे दिसायचे, अशा अर्थाचे तो त्याच खवचट सुरात बोलून जातो, तेव्हा आधीचा प्रत्येक टोमणा एकाकीपण झाकण्यासाठीच होता, हे उमगून पोटात कालवते. लेखक येथे सूर बदलत नाही, कणव भाकत नाही. दुःख विनोदाच्याच वाक्यातून बाहेर पडते, आणि माझ्या मते हेच खरे कसब होय. याच संग्रहातल्या ‘नंदा प्रधान’मध्ये हा मेळ मला तितकासा आढळला नाही, कारण तेथे विषादच वरचढ ठरतो. तरीही नवोदित कथाकाराने ‘अंतू बर्वा’ पुन्हा पुन्हा, शक्यतो मोठ्याने वाचावे.