फोंड्यातील फुलांच्या चौकटी: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

लेकीच्या लग्नातील अबोलीची फाती (केसांत माळायची गुंफलेली माळ) आणि आईसाठी म्हार्दोळहून आणलेल्या जाया (जाईची पांढरी फुले), अशा दोन निमित्तांनी मी फोंड्यातील एका घरगुती केंद्रातून फुले दाबून चौकटीत बसवून घेतली. वरच्या बाजाराजवळच्या आपल्या घरातच एक सासू आणि तिची सून हे काम करतात. अशी चौकट हाती येते त्या दिवशी सुंदरच दिसते. ती किती टिकते, हे मात्र गोव्याच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर हे चार महिने काढल्यावरच कळते. म्हणून पहिली चौकट दोन पावसाळे आणि दुसरी एक पावसाळा भिंतीवर राहिल्यानंतर मी हा अभिप्राय लिहीत आहे.

मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, झाडाची फांदी टिपकागदात दाबणे, रोज कागद बदलणे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागदाला बुरशीचा वास येतो आहे का ते पाहणे, हे मी विद्यार्थ्यांकडून असंख्य वेळा करवून घेतले आहे. त्यामुळे तेथे गेल्यावर भिंतीवरचे नमुने पाहण्याआधी मी त्यांची दाबयंत्रे पाहिली. जाड प्लायवूडच्या दोन फळ्या, चारही कोपऱ्यांना बोल्ट, मध्ये टिपकागद आणि हवा खेळावी म्हणून नालीदार पुठ्ठा, अशी त्यांची साधी आणि योग्य रचना होती. पहिले पाच दिवस टिपकागद रोज बदलला जातो आणि काढलेला कागद इस्त्रीखाली कोरडा करून पुन्हा वापरला जातो. साधारण तीन आठवड्यांनी फुले बाहेर काढून ओल शोषणारे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवली जातात आणि चौकट तयार होईपर्यंत तेथेच राहतात. आपल्याकडे ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पूर्ण वाळलेली पाकळीही दमट खोलीत उघडी राहिली तर हवेतले पाणी पुन्हा शोषून घेते.

लग्न मार्गशीर्षातले होते, त्यामुळे हवा अनुकूल होती. फाती, वरमालेतील गुलाब, तोरणातील झेंडू आणि थोडी शेवंती एवढे मी दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टीलच्या डब्यात कोरड्या कागदात गुंडाळून नेले. प्लास्टिकच्या पिशवीत फुले घालू नयेत आणि त्यांच्यावर पाणी शिंपडू नये, ही सूचना त्यांनी फोनवरच दिली होती. ती वाटते तितकी किरकोळ नाही. आपल्याकडे फुलकारणी फाती ताजी राहावी म्हणून तिच्यावर पाण्याचा हबका मारतात, पण पाकळ्यांच्या बेचक्यात अडकलेले तेच पाणी दाबताना डाग पाडते.

अबोली या कामासाठीच जन्मली आहे की काय, असे वाटावे इतकी ती चांगली दाबली जाते. तिचे फूल एका बाजूला पंख्यासारखे उघडते, पाकळी कागदासारखी पातळ असते आणि खाली बारीक नळी असते, त्यामुळे दाबल्यावर आकार बिघडत नाही. अख्खी फाती मात्र दाबता येत नाही, कारण केळीच्या सोपट्याच्या दोऱ्यात गुंफलेले फुलांचे थर एकावर एक येतात आणि आतला थर सुकत नाही. सुनेने फातीचा वीतभर तुकडा मागच्या बाजूने विरळ करून गुंफण दिसेल असा दाबला, उरलेली फुले सुटी केली आणि त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना तशीच वळणे देऊन मांडली. लेकीच्या अंबाड्यावर फाती जशी दिसली होती, तशीच ती चौकटीत दिसते. झेंडू अख्खा ठेवला असता तर काच बसलीच नसती, म्हणून त्याच्या पाकळ्या सुट्या घेतल्या. गुलाबही पाकळी पाकळी वेगळा करून दाबला आणि वाळल्यावर पुन्हा जुळवला.

रंगांबद्दल त्यांनी जे सांगितले, ते माझ्या मते या केंद्राचे सर्वांत मोठे मोल आहे. ऑर्डर घेण्यापूर्वीच सासूबाईंनी एक जुनी फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक फूल ताजे असताना काढलेला फोटो आणि शेजारी तेच फूल वर्षभरानंतर कसे झाले तो नमुना लावलेला होता. झेंडूचा पिवळा रंग ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यामुळे असतो आणि तो बऱ्यापैकी टिकतो. लाल गुलाबातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य पेशीरसाच्या आम्लतेनुसार रंग बदलते, म्हणून वाळल्यावर गुलाब काळपट जांभळा होतो. पांढऱ्या पाकळीत रंग असा नसतोच. तिच्या पेशी फुटल्या की आतल्या फिनॉल द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि ती तपकिरी पडते. ही नावे त्यांना ठाऊक नव्हती, पण निरीक्षण अचूक होते. “बाई, जाया पांढऱ्या राहणार नाहीत. चहाच्या रंगाच्या होतील. चालत असेल तरच द्या,” असे त्यांनी दुसऱ्या वेळी मला स्पष्ट सांगितले. फुलांना वरून रंग लावून देणारी मंडळीही आहेत. यांनी ते केले नाही, याचे मला समाधान आहे.

या जाया आईसाठी होत्या. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळाजवळ केळीच्या पानात बांधून मिळणाऱ्या जाया दर पावसाळ्यात एकदा तरी घरी याव्यात, असा तिचा आग्रह असे, आणि आता तिला तेथवर जाणे शक्य नाही. पावसाळ्यात फुले दाबणे कठीण असते, हे सांगूनही त्यांनी काम घेतले. टिपकागद दिवसातून दोनदा बदलून एकवीस फुले त्यांनी व्यवस्थित वाळवली. चौकट कबूल केलेल्या दिवसापेक्षा बारा दिवस उशिरा मिळाली, पण त्या हवेत घाई केली असती तर मीच हरकत घेतली असती.

दोष निघाला तो चौकटीच्या पाठीत. लग्नाच्या मोठ्या चौकटीत काच आणि फुले यांच्यामध्ये पातळ पट्टी घालून अंतर ठेवले होते, मागे आम्लरहित पुठ्ठा होता आणि कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पूर्ण बंद केल्या होत्या. जायांच्या लहान चौकटीत यातले काहीच केले नव्हते. फुले काचेला टेकलेली होती, मागे साधे हार्डबोर्ड होते आणि त्यावर कागदी टेप मारली होती. पुढच्या जुलैत काचेच्या आतून बाष्प धरले आणि आठवड्याभरात पाकळ्यांवर करड्या बुरशीचे ठिपके आले. हर्बेरियमचे नमुने वाचवण्यासाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडचे द्रावण वापरत. ते जहाल विष आहे आणि घरातल्या भिंतीवर त्याला जागा नाही. म्हणून घरच्या चौकटीचे संरक्षण कोरडेपणा आणि पक्की बंद पाठ एवढ्यावरच अवलंबून असते, आणि तेच येथे सांभाळले गेले नाही. चौकट लहान आणि स्वस्त असली तरी आतले फूल तितकेच नाजूक असते.

मी चौकट परत नेली तेव्हा त्यांनी कोणतीही सबब सांगितली नाही. मोठ्या चौकटीसारखीच पूर्ण रचना करून त्यांनी ती नव्याने बांधली आणि पैसे घेतले नाहीत. मात्र सात जाया गेल्या त्या गेल्याच, आता चौकटीत चौदा आहेत. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवी होती. आपल्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून चौकट बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगू नये आणि तिच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळू द्यावी. थेट ऊन येणारी भिंतही टाळावी, कारण अतिनील किरण रोखणारी काच असली तरी उजेडाने रंग उडतातच.

बारा बाय सोळा इंचांच्या मोठ्या चौकटीला मी 4,200 रुपये दिले आणि लहानीला 1,600. चौकटीचे लाकूड सामान्य आहे, पण मांडणीतील हात आणि कोरडे करण्यातील निष्ठा पाहता मला ही रक्कम योग्य वाटते. रेझिनच्या ठोकळ्यात फुले घालून देण्याचे काम त्या करत नाहीत. रेझिन काळानुसार पिवळे पडते आणि त्यात बसवलेले फूल पुन्हा काढता येत नाही, त्यामुळे मला ती उणीव वाटली नाही. माझ्या जाया काढून नव्याने बसवता आल्या, हे दाबलेल्या फुलांच्या चौकटीमुळेच शक्य झाले.

येत्या वैशाखात भाचीचे लग्न आहे आणि तिची फाती मी येथेच देणार आहे. या वेळी मात्र पाठ बंद करण्यापूर्वी मला बोलवावे, असे मी सासूबाईंना आधीच सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.