घरच्या रूबेनसाठी लॉजचा बिडाचा तवा

अमेरिकन डेलीतलं (मांस, चीज, सँडविच विकणाऱ्या दुकानातलं) रूबेन सँडविच घरी करायचं, तर लॉज या अमेरिकन कंपनीचा सव्वादहा इंची बिडाचा तवा अगदी योग्य. जड आहे, एका हाताने उचलताना मनगट बोलतं; पण हेच वजन उष्णता धरून ठेवतं आणि राय ब्रेड (राय या धान्याचा पाव) कडेपर्यंत खरपूस होतो. मात्र बीड सावकाश तापतं, म्हणून मंद आचेवर आधी पाच मिनिटं रिकामा तापवावा.

एका सँडविचला १०० ते १२० ग्रॅम कॉर्न्ड बीफ (मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेलं गोमांस), दोन स्विस चीजचे काप, मूठभर सावरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि दीड चमचा रशियन ड्रेसिंग (मेयोनीज-केचपचा सॉस). खरी मेख सावरक्राउटमध्ये आहे. तो कोबी घट्ट पिळलाच पाहिजे, नाहीतर ब्रेडचा लगदा होतो. चीज दोन्ही बाजूंना, ब्रेडला लागून ठेवावं, म्हणजे ओल आत झिरपत नाही. मांस धाग्यांना आडवं कापून, चमचाभर पाण्यासोबत झाकून आधी गरम करावं. फ्रीजमधलं थंडगार भरलं तर ब्रेड करपतो आणि चीज तसंच राहतं. लोणी बाहेरून लावावं, प्रत्येक बाजू चार मिनिटं, वरून हलका दाब. जोरात दाबलं की ड्रेसिंग बाहेर!

सावरक्राउट थेट तव्यात परतू नये, आंबटपणाने तव्यावर बसलेला तेलाचा थर निघतो. तवा धुतल्यावर लगेच पुसून, गरम करून तेलाचा हात फिरवावा. सपाट काचेच्या शेगडीवर तो घासत सरकवू नये, चरे पडतात.