फियाटच्या ‘न वापरलेल्या’ पुढच्या स्प्रिंगा कोणी विकत असेल तर आधी हे वाचा

२९,४५० रुपये गेले. हिशेब आधीच देतो, म्हणजे ‘थोडक्यात सुटलास’ म्हणणारे गप्प बसतील. स्प्रिंगांची जोडी १४,०००, पार्सल ८५०, कधीच न आलेल्या ‘मॅचिंग’ रबर बैठका (स्प्रिंगचं टोक टेकतं त्या गाद्या) ६,०००, पुढचं सस्पेन्शन दोनदा उघडण्याची मजुरी ७,००० आणि दोनदा अलाइनमेंट १,६००.

गाडी बाबांची. १९८२ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, गोव्यात डिचोलीला घरीच असते. नाक खाली आलं होतं आणि ड्रायव्हरची बाजू इतकी बसली होती की खाणपट्ट्यातल्या एकेका स्पीडब्रेकरवर पोट घासत जायचं. मागचे पाटे (मागे स्प्रिंगांऐवजी लोखंडी पट्ट्या असतात) आधीच दुरुस्त करून घेतले होते. (हे तुम्हीही आधी करा. मागचा एक पाटा बसला तर त्याच बाजूचा पुढचा कोपराही खाली दिसतो आणि लोक उगाच पुढे पैसे ओततात.) चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत गाडी रस्त्यावर हवी होती, कारण बाबांनी तसं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, जुन्याच स्प्रिंगांना पॅकिंग टाकून उंची वाढवू. मी नको म्हटलं. स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मवर चाकाच्या बरीच आत बसते, तिथे अर्धा इंच घातला की चाकापाशी त्याहून खूप जास्त उचल मिळते, आणि थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते. दुसरा पर्याय डिझेल फियाटच्या स्प्रिंगांचा. त्या जड इंजिनासाठीच्या. पेट्रोल गाडीला लावल्या तर नाक आभाळात आणि बसणाऱ्याला बैलगाडी. म्हणून पेट्रोलच्याच, कंपनीच्या, नव्या हव्या होत्या. यात माझं काय चुकलं ते कोणीतरी सांगावं.

एका ओळखीच्याने मुंबईचा नंबर दिला. माणूस गोड बोलणारा, आणि गाडीतलं कळणारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, तेव्हा कुर्ल्याच्या एका जुन्या दुकानाचा न वापरलेला माल आपण उचलला, असं त्याने सांगितलं. टॅक्स्या खरंच तेव्हाच बंद झाल्या, म्हणून पुढचंही खरं वाटलं. मी आंधळेपणाने पैसे नाही पाठवले. टेप लावून व्हिडिओ मागितला, त्याने पाठवला, लांबी बरोबर होती. पैसे मात्र ‘भावाच्या’ खात्यावर घेतले.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप मोडते. पार्सल उघडलं. काळा रंग चकचकीत, वास अजून ताजा. खालच्या वेटोळ्यावरून नख फिरवलं तर अडकलं. रंगाखाली गोल चर होता, बैठकीत वर्षानुवर्षं घासून पडलेला. जी स्प्रिंग कधी गाडीत बसलीच नाही तिला बैठकीची खूण कुठून येणार? मी तिथल्या तिथे फोन केला. म्हणाला, "साहेब, गोदामात एकावर एक रचलेल्या असतात, दाब पडतो." मेस्त्रीनेही मान डोलावली. बसवल्यावर गाडी सुंदर उभी राहिली, दोन्ही बाजू सारख्या. त्याच आनंदात रबर बैठकांचे ६,००० पाठवले. समोर गाडी ताठ उभी दिसत असताना कोण शंका घेतो?

चवथ सरली आणि नाक परत खाली यायला लागलं. उजवी बाजू आधी. स्प्रिंगा काढून रंग खरवडला तर गॅसच्या ज्वाळेने लाल करून ताणल्याचे निळे-काळे डाग. तापवल्याने स्प्रिंगचा कडकपणा (किती वजनाला किती दबते तो) फारसा बदलत नाही, पण पोलादाचं पाणी, म्हणजे ताण सोसायची ताकद, उतरतं. मग वजन पडलं की लांबी पुन्हा गमावते. टेपवर लांबी बरोबर दिसली होती ती अशी. शिवाय व्हर्नियरने तारेची जाडी मोजली तर जोडीच नव्हती: एकाची तार १३ मिलिमीटर, दुसऱ्याची १३.५. बाकी माप सारखं असेल तर एवढ्याशा फरकाने कडकपणा सोळा टक्के वाढतो. तेव्हा व्हिडिओत टेप नको, व्हर्नियर मागा. वेटोळी मोजायला लावा. रंगवलेला माल नाकारा, गंजलेला चालेल.

मग सरकारदरबार. पोलीस ठाण्यात ‘स्प्रिंग’ म्हटल्यावर पहिल्यांदा हसले. "माल मेळ्ळो न्हय? मागीर कसली फसवणूक?" (माल मिळाला ना? मग कसली फसवणूक?) मी म्हटलं, जुनं नवं म्हणून विकलं. तर म्हणे सिव्हिल मॅटर, वकील गाठा. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, विकणारा मुंबईचा, तिकडे जा. तिकडे फोन केला तर, पैसे गोव्यातून गेले, तिकडेच द्या. झिरो एफआयआरचं (गुन्हा कुठलाही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवायची सोय) नाव काढलं, तर साहेब म्हणाले, ते खून-दरोड्याला. कायद्यात असं कुठे लिहिलंय? फसवणुकीचं कलम ४२०चं आता नव्या न्याय संहितेत ३१८ झालं हे मीच त्यांना सांगत होतो! १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला, तिथे म्हणे वस्तू पोचली म्हणजे सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा नंबर सगळ्यांसमोर आहे, पण त्या माणसाचं नाव विचारायला एकाही टेबलाला वेळ नाही. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला.

ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर पाच लाखांपर्यंत फी नाही आणि तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी बिल आणि पत्ता घ्या. ‘बिल नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. उंची मोजताना जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, सपाट जागेवर, थोडी गाडी चालवून आल्यावर.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: स्प्रिंगा परत पाठवा, मिळाल्या की पैसे टाकतो. वजनी पार्सलचा खर्चही माझाच. पुन्हा रंग मारून तिसऱ्याला विकायला हव्यात त्याला. त्या दोन्ही घरी खोक्यात आहेत, खरवडलेल्या अवस्थेतच, आणि आधी पैसे खात्यावर आल्याशिवाय त्या डिचोली सोडणार नाहीत.